सुईने लिहिलेली नावे : अमेरिकेतील मैत्रीच्या गोधड्यांचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका म्हटली की तिच्यात नावांना मोठे स्थान असते. विश्वस्तांची नावे, देणगीदारांची नावे, दिवंगतांची नावे. संगमरवरी फलकावर कोरलेले नाव शंभर वर्षे टिकते, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु दगडाऐवजी कापडावर नावे लिहून ती दीडशे-पावणेदोनशे वर्षे जपून ठेवण्याची एक रीत जगाच्या दुसऱ्या टोकाला रूढ झाली होती, आणि ती रूढ करणाऱ्या बहुतेक स्त्रिया सामान्य घरांतील होत्या. ही रीत म्हणजे अमेरिकेतील मैत्रीच्या गोधड्या. या गोधड्यांत मित्रप्रेम होते, तसाच आपल्या गावाचा, आपल्या राज्याचा अभिमानही होता. उभे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेलेल्या माणसाला या इतिहासाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. सुज्ञ वाचकांसमोर तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

चिटाचे ऋण

तिकडे ज्याला क्विल्ट म्हणतात ती रचनेने आपली गोधडीच. वर कापडाचा एक थर, मध्ये कापसाचे किंवा लोकरीचे भरण, खाली अस्तर, आणि तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. आपल्याकडे जुनी लुगडी व धोतरे एकावर एक घालून गोधडी किंवा वाकळ शिवतात. तिकडे पुढे तुकडे जोडून नक्षी साधण्याकडे अधिक कल झाला.

या कलेच्या आरंभी भारताचा हात आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. सतराव्या व अठराव्या शतकांत गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून रंगीत छापील सुती कापड युरोपात व तेथून अमेरिकेत जात असे. त्याचे इंग्रजी नाव ‘चिंट्झ’ हे आपल्या छींट किंवा चीट या शब्दावरूनच आले आहे. ‘कॅलिको’ हा शब्द कालिकत बंदरावरून आणि ‘बंदाना’ हा शब्द आपल्या बांधणीवरून गेला. तुरटी आणि मंजिष्ठवर्गीय मुळांच्या साह्याने धुऊन न जाणारा पक्का रंग देण्याची विद्या आपल्या रंगाऱ्यांना अवगत होती, आणि त्याचे पाश्चात्त्यांना फार अप्रूप होते. हे कापड महाग असे. म्हणून त्यावरील फुले, पक्षी व झाडे काळजीपूर्वक कातरून ती साध्या पांढऱ्या कापडावर टाक्यांनी बसवीत. थोड्या चिटात मोठी चादर सजविण्याची ही युक्ती होती. पुढील सजावटीच्या गोधड्यांचे मूळ बऱ्याच अंशी या युक्तीत आहे.

१८४० च्या सुमारास

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अमेरिकेतच कापडाच्या गिरण्या जोमाने चालू लागल्या आणि छापील सुती कापड सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. त्याच काळात लिखाणाच्या शाईतही सुधारणा झाली. पूर्वीची लोहयुक्त शाई कापडाचा धागा खाऊन टाकी. नाव लिहिले की काही वर्षांत त्या अक्षरांच्या जागी भोके पडत. कापडाला न खाणारी आणि धुतली तरी न जाणारी शाई बाजारात आल्यावर कापडावर नाव लिहिणे निर्धास्त झाले. स्वस्त कापड आणि भरवशाची शाई या दोन गोष्टी जुळून येताच १८४० च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर व मेरीलँड या राज्यांत मैत्रीच्या गोधड्यांची लाट आली.

पद्धत साधी होती. एखाद्या मुलीचे लग्न ठरले, एखादे कुटुंब स्थलांतरास निघाले, किंवा एखादे धर्मोपदेशक बदलून दुसऱ्या गावी जाणार असले, की मैत्रिणी, नातलग व शेजारी यांनी प्रत्येकी एक चौकोन तयार करावयाचा. त्याच्या मधोमध पांढरी जागा सोडून तिथे आपले नाव, गाव, तारीख आणि जमल्यास एखादे सुवचन लिहावयाचे. काही गोधड्यांत सर्व चौकोन एकाच नमुन्याचे असत, काहींत प्रत्येक चौकोन निराळा असे. सर्व चौकोन जोडून एकत्र बसून त्यावर धावदोरा घातला जाई. ज्यांचे अक्षर चांगले त्यांच्याकडून इतरांची नावेही लिहून घेतली जात, त्यामुळे कित्येक गोधड्यांवर डझनावारी नावे एकाच वळणदार अक्षरात दिसतात.

त्या काळी स्थलांतर म्हणजे काय होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नावांचे मोल कळते. पश्चिमेकडील ऑरेगॉन प्रांतात जाणारी वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची होती. बैलांच्या छपरी गाड्यांतून हा प्रवास चार ते सहा महिने चाले. वाटेत पटकीने माणसे दगावत. निरोप घेऊन निघालेली लेक आईला पुन्हा दिसेल याची शाश्वती नसे, आणि बहुधा ती दिसतही नसे. अशा वेळी सामानात अन्नधान्य व अवजारे यांनाच जागा असताना ही गोधडी मात्र घडी घालून बरोबर नेली जाई. परक्या मुलखातील मातीच्या घरात ती अंथरली की माहेरचे सगळे गाव नावानिशी समोर येई. आमच्या व्यवसायात राजस्थान, गुजरात सोडून दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांना ही भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

बाल्टिमोरचा गावाभिमान

मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात १८४० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील सुमारे दहा वर्षे या कलेने कळस गाठला. तेथील गोधड्यांत फुलांच्या परड्या, हार आणि पक्षी तर आहेतच. शिवाय शहरातील युद्धस्मारक, बंदरातील वेगवान शिडाची जहाजे व नव्याने धावू लागलेली आगगाडी हीही कापडाच्या बारीक तुकड्यांतून साकारलेली आहेत. फळाची गोलाई किंवा पाकळीची छटा दाखविण्यासाठी छापील कापडातील फिकट-गडद भाग कसा निवडला आहे, हे पाहून कापडाच्या जाणकाराने मान डोलवावी. मैत्रीच्या वस्तूमध्ये आपल्या शहराची मानचिन्हे गुंफण्याची ही रीत पुढे राज्याभिमानापर्यंत कशी पोहोचली ते आपण पाहूच.

कापूस कोणी वेचला?

या सुंदर चित्राला एक काळी कडा आहे, आणि व्यापाऱ्याने ती झाकू नये. हे स्वस्त सुती कापड ज्या कापसापासून बने तो अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या श्रमावर पिकत असे. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. गोधडीवर नाव लिहिणाऱ्यांची नावे आपण वाचतो. तो कापूस वेचणाऱ्यांची नावे तिथे शोधावयास गेलो तर बहुधा हाती काही लागत नाही.

हा विचार त्या काळीही काहींच्या मनात आला होता. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्याचे अधिकृत नावच मुळी ‘मित्रांचा समाज’ असे आहे, आणि मैत्रीच्या गोधड्या करण्यात या पंथाच्या स्त्रिया अग्रेसर होत्या. हिंसा वर्ज्य मानणाऱ्या या मंडळींपैकी काहींनी गुलामांच्या श्रमातून आलेले कापड व साखर वापरणार नाही, असे व्रत घेतले. १८३८ मध्ये या कार्यासाठी अमेरिकन फ्री प्रोड्यूस असोसिएशन ही संस्था निघाली. फिलाडेल्फियात जॉर्ज टेलर या क्वेकर व्यापाऱ्याने १८४७ ते १८६७ अशी वीस वर्षे केवळ मुक्त श्रमाच्या मालाचे दुकान चालविले. त्यासाठी लागणारा कापूस मिळणे कठीण, कापड महाग, नमुने मोजके आणि गिऱ्हाईक थोडे. अशा अटींवर वीस वर्षे पेढी चालविणे म्हणजे काय, हे ज्याने एक हंगाम तोट्यात काढला आहे त्यालाच कळेल. बॉस्टनमधील एका स्त्रीसमूहाने १८३६ मध्ये गुलामगिरीविरोधी निधीसाठी भरविलेल्या जत्रेत विकलेली पाळण्यातील एक छोटी गोधडी आजही तेथील संग्रहालय संस्थेने जपून ठेवली आहे. बाळाच्या पांघरुणावर गुलाम आईच्या दुःखाची आठवण देणाऱ्या ओळी लिहिलेल्या आहेत.

१८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेचा कापूस जगाच्या बाजारात येणे थांबले. त्याचा थेट परिणाम आपल्या मुंबईवर झाला. इंग्लंडच्या गिरण्यांनी भारतीय कापसाकडे धाव घेतली, भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद हे सुरतेचे जैन. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, खुद्द शेठजींनाही जबर तडाखा बसला. परंतु त्यांनी आधीच दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा मनोरा १८६९ ते १८७८ या काळात उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव मिळाले. दृष्टी गेलेल्या या धर्मनिष्ठ मातेला सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे म्हणून त्या मनोऱ्याच्या टोल्यांचा उपयोग होई, असे सांगितले जाते. तिकडे सुईने लिहिलेल्या नावांचा आणि इकडे दगडात उभ्या राहिलेल्या नावाचा धागा अशा रीतीने एकाच कापसातून निघाला आहे.

दहा सेंटचे नाव

युद्धानंतर गोधडीवरील नावांना आणखी एक उपयोग लाभला. चर्चची दुरुस्ती, ग्रंथालय, अनाथाश्रम अशा कार्यांसाठी निधी हवा असला की स्त्रिया गावात फिरून प्रत्येकाकडून थोडी रक्कम, पुष्कळदा अवघे दहा सेंट, घेत आणि त्याचे नाव गोधडीवर भरतकामाने काढीत. त्यासाठी बहुधा लाल दोरा वापरला जाई, कारण त्या काळी तो धुऊन न जाणारा म्हणून विश्वासाचा होता. नावे पूर्ण झाली की गोधडीचा लिलाव करून आणखी निधी उभा राही. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर मॉडर्न प्रिसिला या मासिकाने अशा गोधडीतून रेडक्रॉससाठी एक हजार डॉलर कसे जमविता येतील याची रीतसर योजनाच छापली.

आपल्याकडील देणगीफलकाचीच ही दुसरी आवृत्ती आहे. दोन बाबतींत मात्र ती निराळी होती. एक म्हणजे, दहा सेंट देणारा मजूर आणि गावचा सावकार यांची नावे बहुधा सारख्याच आकाराची आणि शेजारीशेजारी असत. दुसरी गोष्ट अशी की, ज्या स्त्रियांना बँकेत, न्यायालयात व मतपेटीपाशी फारसे स्थान नव्हते, त्यांनी हा सारा हिशेब आपल्या हाती ठेवला होता.

राज्यांची नावे, राज्यांची फुले

गोधडीच्या नमुन्यांना राज्यांची नावे देण्याची हौस जुनीच होती. ओहायो स्टार, टेक्सास स्टार, अर्कान्सॉ ट्रॅव्हलर ही काही नावे. कॅन्सस ट्रबल्स म्हणजे ‘कॅन्ससची संकटे’ हा नमुना १८५० च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्या प्रांतात झालेल्या रक्तपाताची आठवण देतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मेन राज्यातून निघणाऱ्या हर्थ अँड होम या मासिकाने वाचक स्त्रियांना आपापल्या राज्याच्या नावाचा चौकोन रचून पाठविण्याचे आवाहन केले आणि राज्यामागून राज्याचे नमुने प्रसिद्ध केले. खेड्यातील एखादी शेतकरीण आपल्या राज्यातर्फे सर्व देशापुढे नमुना ठेवू लागली.

राज्यपुष्पाची कल्पनाही याच सुमारास रुजली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी प्रत्येक राज्याने आपले फूल निवडावे असा विचार निघाला. वॉशिंग्टन राज्यात १८९२ मध्ये स्त्रियांनी मतदान करून ऱ्होडोडेंड्रॉन हे फूल निवडले. गंमत अशी की, त्या वेळी त्या राज्याच्या निवडणुकीत त्यांना मताचा अधिकार नव्हता. तो त्यांना १९१० मध्ये मिळाला. पुढे मिसूरी राज्यातील रूबी मॅकिम या आरेखक बाईंनी १९३१ च्या सुमारास राज्यपुष्पांची मालिका वृत्तपत्रांसाठी तयार केली. त्या काळी राज्ये ४८ होती. घरोघरच्या स्त्रियांनी वर्तमानपत्रातील आकृत्या कापडावर उतरवून ४८ फुलांच्या गोधड्या भरल्या.

राणीची गोधडी

मैत्री आणि मातृभूमी यांचा सर्वांत हृद्य संगम मात्र हवाई बेटांत झाला. हवाई हे तेव्हा स्वतंत्र राज्य होते. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन हितसंबंधीयांनी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९५ मध्ये राज्य परत मिळविण्याचा तिच्या पक्षाचा उठाव फसला आणि राणीला तिच्याच इओलानी राजवाड्यातील एका खोलीत काही महिने बंदिवासात ठेवण्यात आले. तिची एक स्नेही स्त्री स्वेच्छेने तिच्याबरोबर कैदेत राहिली. त्या खोलीत दोघींनी रेशीम, मखमल व फिती यांच्या तुकड्यांची गोधडी शिवण्यास आरंभ केला. मधल्या भागात हवाईचा ध्वज आणि बंदिवासाची नोंद भरली. निष्ठावंत स्नेह्यांची नावेही तिच्यात गुंफली. राज्य गेले, ते परत आले नाही. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील करण्यात आली व १९५९ मध्ये ती पन्नासावे राज्य झाली. ती गोधडी मात्र त्याच राजवाड्यात आजही पाहावयास मिळते. त्या काळात हवाईतील सामान्य स्त्रियांनीही आपल्या ध्वजाच्या गोधड्या शिवून घरात जपल्या. दरबारात जे बोलता येत नव्हते ते त्यांनी अंथरुणावर लिहून ठेवले.

१९३३ चे बक्षीस

आता एक कटू प्रकरण. १९३३ मध्ये शिकागोत ‘प्रगतीचे शतक’ हे जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने सीअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीने राष्ट्रीय गोधडी स्पर्धा ठेवली. बक्षिसांची एकूण रक्कम ७,५०० डॉलर आणि पहिले बक्षीस १,००० डॉलर. महामंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम डोळे दिपविणारी होती. देशभरातून सुमारे २४,००० गोधड्या आल्या. पहिले बक्षीस केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या मार्गारेट कॅडन यांना मिळाले. केंटकीचे लाडके नाव ‘ब्लूग्रास राज्य’ असे आहे, आणि त्या गोधडीचा नमुनाही ‘ब्लूग्रासचा तारा’ म्हणून ओळखला गेला. राज्याची मान उंचावली. गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. आज ती कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही.

पुष्कळ वर्षांनी संशोधकांनी जे उघड केले ते असे : विजेत्या बाईंनी त्या गोधडीत एक टाकाही घातलेला नव्हता. काम मजुरीवर बसविलेल्या स्त्रियांनी केले होते. स्पर्धेला पाठविताना मात्र ते स्वतःचे म्हणून पाठविले गेले. शिवणाऱ्या स्त्रियांना सत्य ठाऊक होते, परंतु मंदीच्या काळात हातचे काम जाईल या भीतीने त्या गप्प राहिल्या. त्यांच्या पदरात पडली ती केवळ ठरलेली मजुरी. शंभर वर्षांपूर्वी ज्या कलेचा जन्मच ‘ज्याचा चौकोन त्याचे नाव’ या न्यायाने झाला, तिच्या सर्वांत मोठ्या सन्मानाच्या प्रसंगी नाव एकीचे आणि हात दुसऱ्यांचे, असे घडावे याचा खेद वाटतो.

नावांचा शोध

योगायोग असा की या चुकीचे परिमार्जन करणारे कार्यही केंटकीतच सुरू झाले. १९८१ मध्ये तेथे राज्यातील जुन्या गोधड्यांची नोंद करण्याचा प्रकल्प निघाला. ठरलेल्या दिवशी लोकांनी पेटाऱ्यांतील गोधड्या घेऊन यावे, तज्ज्ञांनी त्या तपासून कोणी, केव्हा, कोठे व कोणासाठी शिवली याची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे, अशी ही योजना होती. तिचे अनुकरण राज्याराज्यांत झाले आणि हजारो गोधड्यांची माहिती जमली. १९८५ मध्ये लिंडा ओटो लिप्सेट या अभ्यासक बाईंनी मैत्रीच्या गोधड्यांवर पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी कापडावरील एकेक नाव घेऊन जुनी दप्तरे, पत्रे व थडग्यांवरील लेख धुंडाळले आणि त्या स्त्रियांची चरित्रे पुन्हा उभी केली. चौकोनावर नाव, गाव आणि तारीख एवढेच लिहिलेले होते. पण तेवढे होते म्हणूनच शोध घेता आला.

आपल्या घरातील गोधडीवर नाव नसते. आजीच्या लुगड्याची किनार ओळखणारी पिढी आहे तोवर ती कोणाची हे सांगता येते, नंतर ती केवळ जुने कापड ठरते. गोधडीच्या अस्तराच्या कोपऱ्यात शिवणाऱ्या हाताचे नाव, गाव आणि साल चार टाक्यांत घालण्यास पाच मिनिटे पुरतात, खर्च दोऱ्याएवढाच येतो. फलकावर देणाऱ्याचे नाव लागते ते योग्यच आहे, कारण दानाला प्रोत्साहन मिळालेच पाहिजे. परंतु ज्या हातांनी वास्तूचा चिरा बसविला, पंगतीला वाढले, पोथ्यांची वेष्टने शिवली, त्यांचीही एक यादी कोठेतरी, निदान एखाद्या वहीत, लिहून ठेवावी. शंभर वर्षांनी कोणी शोध घेऊ लागले तर त्याला धरावयास एक धागा मिळेल.

जय जिनेंद्र.